रेघ सगळे मारतात, बाजू कोण सांगणार?

संपादक महोदय, नमस्कार.

तुमच्या पेपरात विद्यार्थ्यांसाठी जे पान येतं त्यावर मागच्या आठवड्यात बारावीच्या मॅथ्सच्या टिप्स होत्या, त्यात लिनिअर प्रोग्रॅमिंगला (म्हणजे अटींच्या रेघा ग्राफवर मारून, सगळ्या अटी सांभाळून जास्तीत जास्त फायदा किंवा कमीत कमी खर्च कुठे ते शोधायचं गणित) जेमतेम दोन ओळी. '≤ असेल तर ओरिजिनच्या बाजूला शेड करा, ≥ असेल तर उलट्या बाजूला, मार्क पक्के.' (ओरिजिन म्हणजे दोन्ही अक्ष भेटतात तो (०, ०) पॉइंट.) मी साताऱ्यात घरीच अकरावी-बारावीच्या शिकवण्या घेते, कॉमर्सची मुलं जास्त, सायन्सची थोडी. त्या दोन ओळींचा फोटो काढून माझ्याकडच्या तीन मुलांनी ग्रुपवर टाकला, खाली पंधरा अंगठे आणि 'मॅम हे किती सोप्पंय, तुम्ही उगाच एवढं शिकवता' अशी कमेंट. म्हणून हे पत्र. लांबलंय ते मला माहितीये, कापायचं झालं तर कुठूनही कापा पण मधली चकली तेवढी ठेवा.

आधी टीप कुठे फसते ते सांगते, नाहीतर म्हणाल बाईंना नुसतं बोलायचंय. क्ष − य ≥ −२ घ्या. चिन्ह ≥ आहे, म्हणजे तुमच्या टिपेप्रमाणे ओरिजिनपासून लांबची बाजू. आता ओरिजिनला क्ष पण ० आणि य पण ०, टाकून बघा, डावीकडे ० आलं, आणि ० हे −२ पेक्षा मोठं आहेच की. म्हणजे ओरिजिन उत्तराच्या आत बसलाय आणि आपण त्याला बाहेर काढून उरलेला अर्धा कागद काळा केला. आमच्याकडे एका क्लासमधे (नाव घेत नाही, पोरं तिथूनच माझ्याकडे येतात) दुसरी युक्ती सांगतात, लहानचं चिन्ह असेल तर रेघेच्या खाली, मोठ्याचं असेल तर वर. मग २क्ष − य ≤ ४ करा. लाइन जाते (२, ०) आणि (०, −४) मधून. ओरिजिन टाकला तर ० ≤ ४, खरं, म्हणजे ओरिजिन आत. पण कागदावर बघाल तर ओरिजिन त्या रेघेच्या वर आहे! चिन्ह लहानचं आणि उत्तर वरच्या बाजूला. कारण काय तर य च्या आधी वजा आहे, तो पलीकडे नेताना चिन्ह उलटं होतं, आणि ते युक्तीत कुठेच नाही. आणि य ≥ २क्ष ला तर दोन्ही युक्त्या गप्प बसायला हव्यात, निदान तुमची तरी, कारण लाइन ओरिजिनमधूनच जाते, आता जो माणूस कुंपणावरच बसलाय तो कुठल्या अंगणातला हे त्यालाच विचारून काय कळणार. तिथे दुसरा कुठलाही पॉइंट घ्यायचा, (१, ०) घ्या, ० ≥ २ खोटं, म्हणजे (१, ०) ज्या बाजूला आहे ती नाही, दुसरी.

हे खरंय की बोर्डाच्या पेपरात बहुतेक गणितं अशी असतात की उजवीकडे पॉझिटिव्ह आकडा आणि सगळीकडे अधिक, त्यामुळे टीप चालून जाते. तिथेच तर घोळ आहे. दहातल्या नऊ वेळा बरोबर येणारी चुकीची गोष्ट पोरांच्या डोक्यातून काढणं किती अवघड असतं ते शिकवणाऱ्याला विचारा.

आता चकली.

आमच्या गल्लीतल्या ताई एका बचत गटात आहेत, दिवाळीला फराळाच्या ऑर्डरी घेतात. गेल्या दिवाळीच्या आधी हिशोबाला माझ्याकडे आल्या की बाई तुम्ही गणितवाल्या, चकली किती करू आणि बेसनाचे लाडू किती करू सांगा. मी त्यांचेच आकडे जरा सोपे करून मुलांना गणित म्हणून घातलं. पाच बायका, रोज तीन तास, चार दिवस, म्हणजे एकूण ६० तास. चकलीच्या एका किलोला मळणं, पाडणं, तळणं, पॅक करणं धरून एका बाईचे २ तास, लाडवाच्या किलोला १ तास. हातात रोख १२,००० रुपये. चकलीच्या किलोला सामान १५० रुपयांचं, लाडवाला तुपामुळे ३००. आणि एका ऑफिसची ऑर्डर आधीच घेतलेली, निदान १० किलो चकली द्यायचीच. फायदा चकलीवर किलोमागे १०० आणि लाडवावर १२०.

चकलीचे किलो च, लाडवाचे किलो ल. वेळेचं झालं २च + ल ≤ ६०. पैशाचं १५०च + ३००ल ≤ १२,०००, दीडशेनं भागलं की च + २ल ≤ ८०. ऑर्डरचं च ≥ १०. आणि ल ≥ ०, जे पोरं लिहायचं विसरतात आणि मग त्यांच्या ग्राफमधे उणे पाच किलो लाडू पण चालतात. आडव्या अक्षावर चकली, उभ्यावर लाडू, एक सेंटिमीटरला १० किलो. वेळेची रेघ (३०, ०) आणि (०, ६०) मधून, पैशाची (८०, ०) आणि (०, ४०) मधून. इथपर्यंत सगळ्यांना येतं हो. दहावीच्या बीजगणितातला पहिलाच धडा दोन चलांतल्या रेषीय समीकरणांचा आहे, तिथे पोरं रेघा मारून मारून तयार झालेली असतात, किमती काढा, तक्ता करा, पॉइंट टाका, जोडा. माझ्याकडे येणाऱ्या साठ टक्केवाल्या मुलाची पण रेघ बरोबर असते.

मी विचारते, ही पैशाची रेघ म्हणजे काय रे? उत्तर येतं, 'इक्वेशनचा ग्राफ.' ते बरोबरच, पण पैशाचं काय ते सांग ना. वर्गात शांतता. मग मी एकेक पॉइंट घेते. ४० किलो चकली आणि २० किलो लाडू, ४० + ४० म्हणजे ८०, सगळे १२,००० संपले, हातात रुपया नाही. हा रेघेवर. २० किलो चकली आणि १० किलो लाडू, २० + २० चाळीस, निम्मेच गेले, पैसे उरले. हा रेघेच्या ओरिजिनकडच्या अंगाला. ६० आणि ४०, १४० झाले, आता किराणावाल्याकडे उधारी. हा पलीकडे. म्हणजे रेघ काय आहे तर जिथे पैसे बरोब्बर संपतात त्या सगळ्या जागा, एका अंगाला सगळ्या 'उरले'वाल्या आणि दुसऱ्या अंगाला सगळ्या उधारीच्या. हे एकदा डोक्यात बसलं ना की मग कुठली बाजू शेड करायची हा प्रश्नच राहत नाही, ताईंकडे उधारी चालत नाही, संपलं.

आणि ओरिजिनची टेस्ट म्हणजे काय? आम्ही सगळे सांगतो, (०, ०) टाका, खरं आलं तर ओरिजिनकडे शेड. मंत्रासारखं. पण इथे (०, ०) चा अर्थ 'चकली पण केली नाही आणि लाडू पण केले नाहीत'. मग प्रश्न एवढाच, काहीच नाही केलं तर चालेल का? पैशाचा नियम म्हणतो चालेल, पैसे वाचले. वेळेचा नियम म्हणतो चालेल, झोपा. ऑर्डरचा नियम म्हणतो अजिबात नाही चालणार, ऑफिसवाल्यांना शब्द दिलाय. म्हणून पैशाला आणि वेळेला ओरिजिनकडची बाजू, ऑर्डरला उलटी. तुमच्या टिपेत जे ≤ आणि ≥ वरून पाठ करायला सांगितलंय ते असं आपोआप निघतं, आणि रेघ ओरिजिनमधूनच जात नसेल तर जिथे टीप फसते तिथेही हा प्रश्न फसत नाही.

एक हुशार मुलगी आहे माझ्याकडे, तिनं विचारलं की मॅम एकच पॉइंट तपासून अख्ख्या बाजूचा निकाल कसा काय लावता, बाजूला तर लाखो पॉइंट आहेत. इतक्या वर्षांत हे विचारणारी ती दुसरी की तिसरी असेल. त्याचं उत्तर असं की एका अंगाच्या कुठल्याही पॉइंटवरून त्याच अंगाच्या दुसऱ्या पॉइंटवर रेघ न ओलांडता चालत जाता येतं, आणि चालता चालता 'पैसे उरले' चं 'पैसे कमी पडले' व्हायचं असेल तर मधे कुठेतरी 'बरोब्बर संपले' लागलंच पाहिजे, एकदम उडी मारून नाही होत, आणि 'बरोब्बर संपले' तर फक्त रेघेवर आहे. रेघ ओलांडलीच नाही म्हणजे निकाल बदलला नाही. म्हणून एक पॉइंट पुरतो. गाईडमधे हे असतं का? मी तरी पाहिलं नाही.

आता सगळ्या बाजू एकत्र घेतल्या की चार कोपऱ्यांचा एक तुकडा उरतो. कोपरे (१०, ०), (३०, ०), (१०, ३५) आणि जिथे वेळ आणि पैसा दोन्ही एकदम संपतात तो, तो येतो चकली १३ पूर्णांक एक तृतीयांश आणि लाडू ३३ पूर्णांक एक तृतीयांश. फायदा १००च + १२०ल, फूटपट्टी त्या उताराला धरून ओरिजिनपासून लांब सरकवत न्यायची, तुकड्याला शेवटची जिथे चिकटते तो कोपरा. तो हाच, ५,३३३ रुपये. पुस्तकातलं गणित इथे संपतं, खाली दोन रेघा, उत्तर चौकटीत.

पण ताई पूर्ण किलोचेच डबे भरतात. मग पोरं काय करतात, १३ आणि ३३ करतात, पूर्णांक घेतला, झालं. फायदा १३०० + ३९६० म्हणजे ५,२६०. मी म्हटलं ग्राफवर पूर्ण किलोचे ठिपके टाका, रेघांच्या आत जे पडतात ते बघा. आणि मजा बघा, १२ किलो चकली आणि ३४ किलो लाडू हा ठिपका आत बसतो, वेळ २४ + ३४ म्हणजे ५८ तास, पैसे १२ + ६८ म्हणजे ८०, बरोब्बर. फायदा १२०० + ४०८० म्हणजे ५,२८०. वीस रुपये जास्त! चकली अजून एक किलो कमी करून लाडू एक वाढवला तर फायदा वाढतो हे १३-३३ वाल्या कुणालाच दिसलं नव्हतं, कारण त्यांनी कोपरा पाहिला आणि आतलं शेडिंग म्हणजे नुसती पेन्सिलची रंगरंगोटी समजून सोडून दिलं. पत्र लिहायचं खरं कारण हेच आहे. ग्राफमधे उत्तर म्हणजे तो भरलेला भाग असतो, रेघ ही त्याची नुसती कड. आपण पोरांना कड काढायला चार वर्षं शिकवतो आणि आतलं काय ते दोन ओळीत उरकतो.

भाषेचा पण घोळ आहे आणि तो गणिताच्या मास्तरांनी अंगावर घ्यायला पाहिजे, मराठीच्या नाही. 'निदान', 'किमान', 'कमीत कमी' यात कमी हा शब्द आहे म्हणून पोरं लहानचं चिन्ह टाकतात, तर पाहिजे असतं ≥. 'जास्तीत जास्त' ला उलट. घटनेच्या ३२६ कलमात मतदाराचं वय १८ वर्षांपेक्षा कमी नसावं असं आहे (आधी २१ होतं, ६१ व्या दुरुस्तीनं १८ झालं), आता 'कमी नसावं' याचं चिन्ह काढायला सांगा, निम्मी मुलं < काढतील. कमी नाही म्हणजे तेवढं किंवा जास्त, ≥. आणि यातच रेघ अखंड की तुटक तेही आहे. १८ पूर्ण झालेला मत देतो, म्हणजे कड पण आत, अखंड रेघ. '१८ पेक्षा जास्त' म्हटलं असतं तर कड बाहेर, तुटक रेघ. ताईंच्या १२,००० मधे शेवटचा रुपया खर्च करायला परवानगी आहे म्हणून अखंड. बारावीच्या पेपरात सगळं ≤ आणि ≥ च येतं त्यामुळे तुटक रेघ कधी काढावीच लागत नाही, आणि मग पोरांना वाटतं तो नुसता सजावटीचा प्रकार आहे.

उणे आकड्यानं गुणलं की चिन्ह उलटतं हे मी उधारीनंच सांगते. ५ रुपये ३ पेक्षा जास्त, पण ५ ची उधारी असलेला ३ ची उधारी असलेल्यापेक्षा गरीब. मिनिटात कळतं. यावर जास्त लिहीत नाही.

आता अभ्यासक्रमाचं. केंद्राच्या, म्हणजे एनसीईआरटीच्या पुस्तकांतून २०२२ मधे ओझं कमी करायचं म्हणून जे भाग काढले त्यात अकरावीच्या लिनिअर इनइक्वालिटीज मधला दोन चलांच्या ग्राफचा भाग गेला. एक चल आणि नंबर लाइन एवढंच राहिलं. पण बारावीत लिनिअर प्रोग्रॅमिंग आहे, ग्राफनंच सोडवायचं. म्हणजे पाया काढला आणि पहिला मजला तसाच ठेवला. सीबीएसईची दोन मुलं आहेत माझ्याकडे, त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा अर्धा कागद शेड केला तो बारावीत, ते पण तीन-चार रेघांच्या गर्दीत. आपल्या बोर्डाच्या अकरावी कॉमर्सला लिनिअर इनइक्वेशन्सचा वेगळा धडा आहे, पण अकरावी कोण शिकतं हो, अकरावी म्हणजे दहावीचा थकवा काढायचं वर्ष. माझं म्हणणं एवढंच की दहावीत समीकरणाचा ग्राफ काढून झाला की त्याच कागदावर, त्याच रेघेच्या दोन्ही अंगांना एकेक पॉइंट घेऊन 'इथे काय होतं, तिथे काय होतं' विचारा. एक तास. नवीन धडा नको, मार्क नकोत, परीक्षा तर मुळीच नको.

पण हा विषय उशिराच येतो असं दिसतंय, पहिल्यापासून. बरोबरचं = चिन्ह रॉबर्ट रेकॉर्डनं १५५७ मधे छापलं. < आणि > ही दोन चिन्हं थॉमस हॅरियटच्या पुस्तकात आली १६३१ मधे, तेही हॅरियट वारल्यावर दहा वर्षांनी. आणि खाली रेघ असलेलं लहान-किंवा-बरोबर यायला १७३४ उजाडलं, फ्रान्समधे बूगेरनं वापरलं. बरोबर आधी, कमी-जास्त मागाहून. आपण पण तेच करतोय, फरक एवढाच की त्यांच्याकडे चिन्हंच नव्हती.

आणि ज्यांना वाटतं की हे दोन रेघांचं बालवाडीचं गणित आहे त्यांच्यासाठी. चकली आणि लाडू दोनच गोष्टी होत्या म्हणून कागदावर मावलं. १९४५ मधे जॉर्ज स्टिगलर नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं ७७ खाण्याचे पदार्थ घेतले, ९ पोषक घटक प्रत्येकी किमान इतके पाहिजेतच अशा अटी घातल्या आणि एका माणसाचं वर्षभराचं सगळ्यात स्वस्त जेवण शोधलं, अंदाज बांधत बांधत, ३९.९३ डॉलर आलं. १९४७ मधे जॉर्ज डँटझिग या अमेरिकन गणितज्ञाची अशी गणितं सोडवायची सिम्प्लेक्स पद्धत आली तेव्हा ती तपासायला हेच गणित घेतलं, हातानं चालवायच्या मशिनींवर ते सोडवायला १२० माणूस-दिवस लागले, आणि उत्तर आलं ३९.६९. म्हणजे स्टिगलरचा अंदाज वर्षाला फक्त २४ सेंटनं चुकला होता. (आमच्या ताई पण अंदाजानं १५ आणि ३० करणार होत्या, ५,१०० आले असते. अनुभवाला कमी लेखू नका.)

सिम्प्लेक्स काय करते तर कोपऱ्यावरून कोपऱ्यावर कडेकडेनं चालत जाते. पण अटी वाढल्या की कोपरे भयंकर वाढतात. १९७२ मधे क्ली आणि मिंटी या दोघांनी मुद्दाम असं उदाहरण रचून दाखवलं की त्या पद्धतीला एकूण एक कोपरा फिरावा लागतो, २० चलं असतील तर १०,४८,५७६ कोपरे. १९७९ मधे रशियातल्या खाचियाननं दुसरी पद्धत दिली, कागदावर भारी, चालवायला संथ. आणि मग १९८४. अमेरिकेत बेल लॅब्जमधे काम करणारे नरेंद्र करमरकर, ग्वाल्हेरच्या मराठी घरातले, मुंबई आयआयटीत शिकलेले, त्यांनी काय केलं तर कड सोडून दिली आणि सरळ आतून वाट काढली. त्या भरलेल्या भागाच्या पोटातून. आज मोठमोठी गणितं सोडवणाऱ्या प्रोग्रॅममधे आतून जाणाऱ्या पद्धती असतात त्यांची लाट तिथून उठली. माझ्याकडच्या मुलांना मी हे सांगते तेव्हा 'करमरकर' ऐकून जरा बसून ऐकतात, नाहीतर डँटझिग म्हटलं की पेनाशी खेळायला लागतात. पण मला सांगायचं असतं ते वेगळंच, की ज्या आतल्या भागाला तुम्ही पेन्सिल आडवी धरून कसातरी फरकाटा मारता तिथून रस्ता जातो हे आपल्यातल्याच एका माणसाला दिसलं.

फरकाट्यावरून आठवलं. शेडिंगच्या दोन पद्धती आहेत, काही पुस्तकं पाहिजे ती बाजू भरतात, काही नको ती बाजू खोडतात म्हणजे जे कोरं राहील ते उत्तर. दोन्ही बरोबर. पण मुलानं क्लासमधे एक शिकलं, युट्यूबवर दुसरं पाहिलं आणि पेपरात पहिली अट एका पद्धतीनं आणि दुसरी दुसऱ्या पद्धतीनं भरली की काय होतं ते मी दर वर्षी सराव पेपरात बघते. मी तर सांगते प्रत्येक रेघेला फक्त बाजू दाखवणारे दोन छोटे बाण काढा आणि शेवटी एकदाच, सगळ्या अटींना चालणारा तुकडा तेवढा भरा. पुरवणीला दोऱ्यानं बांधलेला तो एकच ग्राफ पेपर असतो, खोडून खोडून भोक पडलं की रडू येतं पोरांना. घरी मोबाइलवर डेसमॉस आहे, फुकट आहे, इनइक्वालिटी टाकली की बाजू रंगते, तुटक-अखंड सगळं आपोआप, दोन टाकल्या की जिथे दोन्ही लागू तिथला रंग गडद होतो. वापरा, पण आधी कागदावर बाजू ठरवून मग ताडून बघायला. उलटं केलं तर तेही तुमच्या टिपेसारखंच होतं, उत्तर हातात आणि डोकं कोरं.

तर विनंती अशी की ती टीप दुरुस्त करून छापा, छोटी चौकट पुरे. 'ओरिजिनची किंमत टाकून बघा, खरं आलं तर ओरिजिनची बाजू, खोटं आलं तर दुसरी, आणि रेघ ओरिजिनमधूनच जात असेल तर दुसरा पॉइंट घ्या.' तुमच्या दोन ओळींच्या तीन होतील फक्त. चिन्हाकडे बघून बाजू ठरवायचं वाक्य तेवढं काढा, माझ्या ग्रुपवर तो फोटो अजून पिन केलेला आहे आणि मी काढ म्हटलं तर पोरं म्हणतात मॅम पेपरात आलंय.

आपली,
साताऱ्याची एक शिकवणीवाली वाचक

ता.क. : १२ किलो चकली आणि ३४ किलो लाडवाचा तो ग्राफ मी ताईंना नेऊन दाखवला होता, चांगला रंगीत करून, कुठे पैसे संपतात कुठे तास संपतात सगळं समजावून. त्यांनी नीट पाहिला, बोट ठेवून ५८ तास वाचले आणि म्हणाल्या, म्हणजे दोन तास उरतायत, पण पाच बायकांची चार दिवसांची कढया-झारे घासायचे तास कुठे धरलेत? धरलेच नव्हते. रोजचे दोन तास जातात म्हणे त्यात. आठ तास गेले की वेळेची रेघ ६० वरून ५२ वर येते आणि माझा तो १२-३४ चा ठिपका सरळ बाहेर पडतो, तेव्हा मी त्यांच्याच स्वयंपाकघरात ओट्यावर कागद ठेवून नवीन रेघ मारायला बसले.